एकशे अडतीस शोकसंदेश

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी रुग्णालयातल्या एकशे अडतीस रुग्णांच्या नातेवाइकांना आपलं माणूस गेल्याचं कळलं. रुग्णांना मात्र काही कळलं नव्हतं. ते नाश्ता करत होते.

संदेश नेटका होता. "आपल्या दुःखात रुग्णालय सहभागी आहे. देह ताब्यात घेण्यासाठी ओळखपत्रासह यावे." शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. संगणक विभागाचे प्रमुख अशा बाबतीत फार काटेकोर.

या प्रमुखांना माघारी कंसमामा म्हणत. त्यांना प्रोग्रॅममधल्या चिन्हांचा तिटकारा होता. अधिक, उणे, लहान-मोठ्याचे बाण ही चिन्हं आयती मिळतात आणि आयतं ते लोक डोळे झाकून वापरतात, असं त्यांचं म्हणणं. एकदा कोणीतरी बाणाचं तोंड उलटं काढलं आणि आठवडाभर लहान मुलांच्या वॉर्डात म्हाताऱ्यांचा आहार जात राहिला. तेव्हापासून मामांचा नियम असा, की चिन्ह दिसलं की काढायचं आणि त्याच्या जागी फंक्शन लिहायचं. म्हणजे कामाला एक नाव द्यायचं आणि ते ज्यांच्यावर करायचं त्या गोष्टी पुढे कंसात मांडायच्या. दोन अधिक तीन नाही. बेरीज, आणि कंसात दोन व तीन. "चिन्ह मुकं असतं, नावाला जाब विचारता येतो," असं ते म्हणत.

हे बदल विभागातल्या प्रोग्रॅमरबाईंच्या गळ्यात पडले. बाई सहा महिन्यांच्या बोलीवर होत्या, मुदत त्याच शुक्रवारी संपत होती आणि घरात मिळवणारं दुसरं कोणी नव्हतं. अकरा दिवसांत त्यांनी नऊशे बारा चिन्हं काढली. मामांनी पान अन् पान तपासून सही केली. नऊशे अकरा बदल बिनचूक होते.

उरलेली ओळ अशी होती: रुग्ण वारला आहे 'आणि' संदेश पाठव. यातलं 'आणि' पूर्वी एक चिन्ह होतं. चिन्हाचा स्वभाव आळशी. डावीकडचं खोटं निघालं, की ते उजवीकडे बघतच नाही. वारला का? नाही. मग झालं, संदेश राहिला. फंक्शन मात्र कामसू. कंसातली दोन्ही कामं ते आधी उरकून घेतं आणि मग दोन्हींचा मेळ लावत बसतं. वारला का, नाही. संदेश पाठवला का, हो. दोन्ही खरं का, नाही. उत्तर अगदी बरोबर आलं. तोवर एकशे अडतीस घरांत रडारड सुरू झाली होती.

दहापर्यंत फाटकात पाय ठेवायला जागा उरली नाही. एका बाईंनी नवऱ्याला चहा पिताना पाहिलं आणि आता सगळ्यांना परत फोन कोण करणार, असं त्यालाच विचारलं. दोन बहिणी लिफ्टमध्ये आईच्या फ्लॅटवरून हमरीतुमरीवर आल्या. त्याच लिफ्टमध्ये स्ट्रेचरवर आई होती.

अधीक्षकांनी दोघांना बोलावून घेतलं. मामा म्हणाले, "नियम माझा, हात यांचे." अधीक्षकांनी हातांना काम दिलं. प्रत्येक रुग्णाकडून 'मी जिवंत आहे व माझी तक्रार नाही' असं पाचच्या आत सहीनिशी घ्यायचं. एक जरी सही राहिली, तरी शुक्रवारनंतर बाईंनी यायचं कारण नाही. आणि कागद होईपर्यंत कुणाचाही नातेवाईक बाहेर सोडायचा नाही, उगाच बभ्रा नको.

सव्वाचारला एकशे सदतीस सह्या झाल्या. राहिली खाट सत्तावीस. घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा तिथे मोडलेलं खुब्याचं हाड घेऊन चार महिने पडून होते.

"सही करा आजोबा, एवढी एकच राहिलीय."

"केली की काय होईल?"

"तुम्ही जिवंत आहात हे ठरेल."

"आणि बाहेर बसलेत ते माझे तिघं मुलगे?"

"ते घरी जातील."

आजोबांनी पेन परत दिलं. "मग मला घाई नाही."

चार महिन्यांत एकही मुलगा फिरकला नव्हता, हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. आज मात्र थोरल्यानं उशी नीट केली, मधल्यानं नखं कापून दिली. धाकटा रडला. रडताना त्याचं नाक लहानपणी व्हायचं तसंच लाल झालं होतं म्हणे. बाईंनीही आपली नोकरी, शुक्रवार, सगळं सांगून टाकलं.

आजोबा म्हणाले, "म्हणजे एक तर तुझी नोकरी जाणार, नाहीतर माझी मुलं. पोरी, तूच सांग."

बाईंनी घड्याळ पाहिलं. मग एक कोरा कागद काढून लिहिलं, 'सदर रुग्ण जिवंत असल्याचे प्रथमदर्शनी दिसते. खात्री होईपर्यंत एका मुलाने रोज समक्ष येऊन पाहावे.' खाली रुग्णालयाचा शिक्का मारला. आजोबांनी तो दोनदा वाचला, 'रोज' या शब्दाखाली रेघ ओढली आणि पेन मागून आधीच्या कागदावर सही केली.

शुक्रवारी बाई कायम झाल्या. मुलं पाळीपाळीनं येऊ लागली. सरकारी भाषेला माणूस भितो.

सोमवारी वॉर्डातल्या सिस्टर खाली आल्या. चौदा नंबरच्या आजींनाही तसाच कागद हवा होता.

"त्यांना किती मुलं?" बाईंनी विचारलं.

"एकच. त्या दिवशी तो इमारतीतच होता म्हणतात, फक्त वर आला नाही."

बाईंनी खातं उघडून नातेवाइकाचं नाव पाहिलं. मग मजकूर जसाच्या तसा उतरवला, शिक्का मारला आणि कागद मामांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"काय आहे हे?" मामांनी चष्मा चढवला.

"तपासून घ्या, साहेब," बाई म्हणाल्या. "तुमच्या आईंचा आहे."