वाटीच्या तळातला गुलाब

दीड वर्षाची डिंपल स्वतःच्या घरी जेवायला तोंड उघडत नसे, आणि शेजारच्या गौसियाचाचीकडे मात्र वाटीभर वरणभात चाटूनपुसून खात असे. कारण साधं होतं. चाचीच्या जुन्या चिनी मातीच्या वाटीत तळाला एक लाल गुलाब होता. भात संपला की तो दिसे, आणि तो दिसावा म्हणून डिंपल भात संपवी. चाचीकडची स्वच्छता फार निरखून पाहायची नाही, असं तिच्या आईनं, निशिगंधानं, मनाशी ठरवून टाकलं होतं.

एका सोमवारी चाचीनं ती वाटीच निशिगंधाच्या हातात ठेवली. "ने बेटा. माह्या शादीतली हाय, पण मले काय करायची? पोरीले रोज हिच्यातच भात चार." रिकामं भांडं देऊ नये म्हणून आत चिमूटभर साखर होती.

निशिगंधा विरघळली, पण घराच्या उंबऱ्यापर्यंतच. मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. झाल्यापासून तिला डोळ्यांना न दिसणारंच जास्त दिसे. वाटीला केसाएवढी चीर होती. साखर तिनं मोरीत ओतली, वाटी तारेच्या घासणीनं घासली आणि उकळली. चीर काळीच. मग सोडा घालून उकळली. तरी मन भरेना, तेव्हा ब्लीचच्या पाण्यात दुपारभर बुडवली आणि ब्लीचचा वास जावा म्हणून पुन्हा गॅसवर चढवली.

"काऊन वो, वाटी कच्ची हाय का?" सासूबाईंनी, मनकर्णाबाईंनी, विचारलं. "कवाची शिजवून राह्यली!"

"आई, जुन्या भांड्यात जंतू असतात."

"तुह्या नवऱ्यानं लहानपणी मूठ मूठ माती खाल्ली. झाला ना एसटीत कंडक्टर?"

तेवढ्यात गौसियाचाची कोथिंबीर मागायला आत आली. "काय खळबळून राह्यलं?"

मनकर्णाबाईंना खोटं बोलता येत नसे. "तुमचीच वाटी. तिसऱ्यांदा."

चाचीनं पातेल्यात डोकावून पाहिलं. वाटी पांढरीफटक होती. गुलाबाचं नावनिशाण नव्हतं.

"चाची, मी सगळ्यांचंच उकळते. माहेरचे चमचेसुद्धा!" हे अगदी खरं होतं, पण ऐन वेळी सुचलेल्या सबबीसारखं वाजलं.

"उकळ बेटा. लेकराची माय हायेस," चाची म्हणाली आणि कोथिंबीर न घेताच गेली.

संध्याकाळी डिंपलनं पांढऱ्या वाटीतला भात बोटानं उकरला, तळ पाहिला, पुन्हा उकरला. "फू?" तिनं आईला विचारलं. मग ओठ मिटले, ते दोन दिवस दुधापुरतेच उघडले. निशिगंधाला मोरीत वाहून गेलेली ती चिमूटभर साखर सारखी आठवत राहिली.

तिसऱ्या दिवशी डिंपलला कडेवर आणि शिऱ्याचा डबा हातात घेऊन ती चाचीकडे गेली. माफी कशी मागायची ते पाठ केलं होतं. पण दार चाचीच्या लेकीनं, मलिहानं, उघडलं. ती बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि स्वच्छतेचे धडे तिला निशिगंधानंच गच्चीवर तासभर दिले होते. मलिहानं शिरा ताटात काढला आणि डबा थेट उकळत्या पाण्यात सोडला.

"अगं, डबा कशाला? आमच्याच घरचा आहे, चांगला घासून..."

"दीदी, तुम्हीच तं सांगितलं. बाहेरून आलेलं भांडं, दहा मिनिटं."

 निशिगंधाला कारण ठाऊक होतं, तिनंच शिकवलेलं होतं, तरी छातीत काहीतरी रुतलं. चाची तिच्याकडेच पाहत होती.

"बोचलं ना?"

"हो, चाची."

"मलेबी बोचलं होतं."

पाठ केलेली माफी निशिगंधाला आठवेना. चाचीनंही ती मागितली नाही. तिनं कपाटातून जोडीची दुसरी वाटी काढली. तळाला गुलाब होता. "ही मात्र तुह्या घरी येत नाही. पोरीले हितंच आणत जाय."

मग चाचीनं ती वाटी ओढणीच्या टोकानं पुसली आणि भात वाढला. निशिगंधाचं तोंड उघडलं. तिनं ते मिटलं, आणि तिच्या मांडीवरच्या डिंपलनं आपलं उघडलं.