शेवाळाचा पंचनामा

कोपरगाव तालुक्यात तीन गोष्टींना तोड नाही: गोदावरीचं पात्र, इथला ऊस आणि मी. पहिल्या दोन गोष्टी कोणीही सांगेल. तिसरी मलाच सांगावी लागते, कारण लोकांना वेळ नसतो.

मी नृसिंह. एकतीस वर्षं मोजणी खात्यात काढली. लोकांच्या बांधाची हद्द इंचाइंचाने सांगणारा माणूस निवृत्त झाल्यावर काय करणार? गुप्तहेरी! माझी नजर घारीची आणि स्मरणशक्ती हत्तीची. आमची ही, म्हणजे विजया, म्हणते की पोटही त्याच प्राण्याचं. शिवाय माझ्यावर संस्कार आहेत. तिन्हीसांजेला मी अंधाऱ्या खोलीत शिरलो, तर दिवा लावून, डोळे मिटून हात जोडल्याशिवाय बाहेर पडत नाही, मग खोली कोणाचीही असो. हल्लीच्या गुप्तहेरांत हे सापडायचं नाही.

शनिवारी सकाळी शेजारच्या भीमराजची मुलगी माधुरी दारात आली. ती पुण्याला बँकेत अधिकारी आहे आणि त्या दिवशी पहाटेच्या गाडीने आली होती.

"काका, बाबांना तुम्हीच समजवा. मी त्यांना उद्या पुण्याला घेऊन जातेय, कायमचं."

"का?"

"ते विसरायला लागलेत. माशांच्या टाकीचा दिवा रात्रभर चालू राहतो. गेल्या महिन्यात आले तेव्हाही सकाळी चालू, आजही चालू. आज दिवा आहे, उद्या शेगडी चालू राहिली तर?"

मी ताबडतोब टेप, वही आणि भिंग घेतलं. विजयाने बाजाराची पिशवीही हातात दिली, पण ती मी तपासाच्या कामी घेतली नाही.

भीमराज साखर कारखान्यात बॉयलरवर होता. तीन वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून पुढच्या खोलीतली ती तीन फुटी टाकी हाच त्याचा संसार. मासे थोडे, झाडंच जास्त. पाण्याखालची बागच ती. पण आता काचेवर हिरवा थर, पानांवर केसाळ शेवाळ. भीमराज कात्रीने एकेक कुजकं पान कापत बसला होता.

"सकाळी धाला दिवा लावतो, संध्याकाळी सहाला बंद करतो," तो म्हणाला. "आट तास उजेड, बास. त्याहून जास्त झाला की शेवाळ माजतंय. सहानंतर या खोलीत मी पाऊल टाकत न्हाई, माशांची झोपायची येळ असती. मागच्या दारानं येतो, जेवतो, झोपतो. आन् सकाळी बगतो तर दिवा चालू! बॉयलरवर हुतो तवा येक व्हॉल्व्ह कदी इसरलो न्हाई, राव."

तो हे माधुरीकडे बघून म्हणाला. माधुरी खिडकीबाहेर बघत होती.

मी कामाला लागलो. टाकीशेजारी एक प्लास्टिकची बाटली होती, तिच्यातून नळी पाण्यात गेली होती आणि बुडबुडे निघत होते. मी बूच काढून हुंगलं. माझे डोळे लकाकले.

"दारू! भीमराज, कोणीतरी तुझ्या माशांना दारू पाजतंय!"

"साखर आन् यीस्ट हाय त्ये. आंबलं की कार्बन डायऑक्साईड निगतो. झाडं त्यो खात्यात. बूच लावा आदी."

पहिला सिद्धांत बाद. मी बूच लावलं, उलटं. ते पुन्हा नीट लावण्यात दहा मिनिटं गेली.

"ही लाल पानांची कोण?" मी भिंग रोखलं. "सगळे हिरवे आणि ही एकटीच लाल. गुन्हेगाराला गर्दीत मिसळता येत नाही."

"लुडविजिया हाय. तिला उजेड आन् गॅस दोनी भरपूर लागतं. कमी पडलं की हिरवी पडती. ती काय पान्यातनं हात काढून बटन दाबती व्हय?"

दुसराही बाद. मग मी दगडाला बांधलेल्या जाड पानांच्या रोपाकडे वळलो. शेवाळ सगळ्यात जास्त त्याच्यावर. त्याचं नाव अनुबियास. महिन्याला एखादंच पान काढतं, कमी उजेडात सुखी असतं, आणि इतकं सावकाश वाढतं की शेवाळाला त्याच्यावर बिऱ्हाड करायला वेळ मिळतो. आमच्या खात्यात असतं तर चांगल्या हुद्द्यावर गेलं असतं. त्याच्यावर मला संशय घेववेना.

राहिला बाहेरचा हात. मी खिडकीपासून टाकीपर्यंत मोजलं: अकरा फूट चार इंच. या आकड्याचं काय करायचं ते सुचेना, म्हणून वहीत लिहून ठेवला.

"पुढच्या दाराच्या किल्ल्या किती?"

"दोन. येक माझ्याकडं, येक तुमच्याकडं."

मी वहीत लिहिलं: दुसरी किल्ली अत्यंत विश्वासू माणसाकडे. संशय नाही.

आता सगळे दरवाजे बंद झाले होते, आणि उरला होता एकच निष्कर्ष. तो मी शक्य तितक्या हळू आवाजात सांगितला. "भीमराज, वय होतं माणसाचं. तू विसरतोयस."

वाटलं, तो भांडेल. तो भांडला नाही. कात्री खाली ठेवली आणि म्हणाला, "मोजनीदार म्हनत्यात म्हंजी तसंच असंल. घिऊन चल गं, माधुरी. टाकी शेवगावच्या गोरक्षनाथाला दे. झाडं त्यानंच दिल्ती. त्यो सांबाळंल."

प्रकरण सुटलं होतं. मला जेवण गेलं नाही.

संध्याकाळी सहाला भीमराजने माझ्या आणि माधुरीच्या देखत दिवा बंद केला. ही शेवटची वेळ म्हणून त्याने जरा वेळ बटणावर बोट तसंच ठेवलं. मग बापलेक आत सामान बांधायला गेले आणि मी घरी आलो.

पावणेसातला मी नेहमीप्रमाणे किल्ली घेऊन भीमराजच्या पुढच्या खोलीत गेलो. आम्ही घरचा पेपर बंद केल्यापासून मी त्याचा पेपर संध्याकाळी वाचायला नेतो. तो खुर्चीवर ठेवलेला असतो. खोलीत अंधार. मी दाराजवळचं बटण दाबलं, डोळे मिटले, हात जोडले.

"अहो," मागून विजयाचा आवाज आला. ती माधुरीच्या प्रवासासाठी धपाट्यांचा डबा घेऊन दारात उभी होती. "काय केलंत आत्ता?"

"संस्कार."

"डोळे उघडा आणि बघा."

मी उघडले. मी रोज ज्याला खोलीचा दिवा समजत होतो, तो टाकीचा होता. टाकी लख्ख उजळली होती. आतला एक मासा माझ्याकडे, ओळख असल्यासारखा बघत होता.

"रोज करता हे?"

"रोज. तिन्हीसांजेला लावलेला दिवा घालवायचा नसतो."

"पेपर बंद करून किती दिवस झाले?"

"दोन महिने."

एकतीस वर्षांत माझी मोजणी इतकी कधी चुकली नव्हती.

मी भीमराजला आणि माधुरीला बाहेर बोलावलं. "गुन्हेगार सापडला," मी म्हणालो. "तो याच खोलीत आहे. तो अतिशय सुसंस्कृत, घारीच्या नजरेचा..."

"अहो, सरळ सांगा!"

मी सरळ सांगितलं. माधुरी मटकन खुर्चीत बसली, पेपरावरच. भीमराज माझ्याकडे बघत राहिला.

"म्हंजी मी इसरलो न्हाई?"

"नाही."

"येकदा बी न्हाई?"

"एकदाही नाही."

त्याने टाकीच्या काचेवर हात टेकला. "दोन म्हैने रोज सकाळी मला सवताच्या डोक्याचं भ्या वाटत हुतं, राव. कुनाला बोललो न्हाई."

माझी फार लाज वाटली मला. मी तसं म्हणालो. माधुरी उठली, वडिलांच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली. मग आत जाऊन तिने बॅगेतले त्यांचे कपडे काढून परत कपाटात लावले. धपाटी आम्ही चौघांनी तिथेच संपवली.

रविवारचा दिवसभर मी बाही वर सारून जुन्या टूथब्रशने शेवाळ घासत होतो. शिक्षा भीमराजने सुनावली, अंमलबजावणी विजयाने केली. दुपारच्या गाडीने माधुरी पुण्याला गेली, एकटीच.

सोमवारी तिन्हीसांजेला मी पेपर आणायला गेलो. टाकीच्या बटणावर चिकटपट्टी लावली होती. खुर्चीवर पेपर, आणि पेपरावर एक मेणबत्ती आणि काडेपेटी. मी मेणबत्ती लावली, हात जोडले, पण या वेळी एक डोळा उघडा ठेवला. टाकीत काळोख होता. मासे झोपले असावेत. मी पेपर काखेत मारून निघालो.

"मोजनीदार!" आतून भीमराजचा आवाज आला. "मेनबत्ती इजवून जा. इसराल!"