माझ्या न झालेल्या ऑपरेशनची गोष्ट

माणसं सांभाळायचं काम मला नवं नाही. टॉवेलच्या कारखान्यात अठ्ठावीस माणसांची शिफ्ट मी एका शिट्टीवर चालवतो. त्यामुळे माझ्या बायकोच्या, पूनमच्या मणक्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, "तू फक्त पडून राहा. बाकी सगळं माझ्याकडं."

ऑपरेशन छान झालं. मग डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन पहिलीच गोष्ट सांगितली, की पेशंटला पडून राहू द्यायचं नाही.

तिथंच माझं सगळं नियोजन गडगडलं. पूनम शाळेत शिक्षिका. जूनमध्ये वह्यांचा गठ्ठा घेऊन जिना उतरताना तिचा उजवा पाय अचानक सुटला आणि चौथीच्या अख्ख्या वर्गासमोर ती पायरीवर कोसळली. मणक्यातली गादी सरकून शीर दबली होती. आता शीर मोकळी झाली, पायात जोर आला, टाकेही निघाले. पण भिंतीवरचा हात काही निघेना. बाथरूमपर्यंत जायचं तरी एका हाताला मी आणि दुसऱ्या हाताला भिंत.

व्यायाम शिकवायला घरी येणाऱ्या रुद्राणी मॅडम शनिवारी म्हणाल्या, "कमरेचा पट्टा आता बंद. आणि सोमवारपर्यंत मला आधाराशिवाय वीस पावलं हवीत. पायात काही कमी नाही. पण अशाच बसून राहिलात, तर मात्र पाय खरंच बारीक होईल."

त्या गेल्यावर पूनम हळूच म्हणाली, "पाय पुन्हा सुटला तर हो?" शिट्टीवर पाय काही चालत नसतात. रात्रभर मला तोच प्रश्न टोचत राहिला.

आता माझी एक चूक कबूल करतो. करकंबच्या गोजराआत्याला मी घाईघाईत फोन केला होता. "आमच्याकडं मणक्याचं ऑपरेशन झालंय. सगळं ठीक आहे. डॉक्टरांनी गर्दी नको म्हटलंय, तेव्हा येऊ नका," एवढं बोलून ठेवून दिला. ऑपरेशन कुणाचं, ते सांगायचं राहिलं. आणि आमच्या नात्यात 'येऊ नका' म्हटलं, की माणसं पहिली एसटी धरतात.

रविवारी सकाळी पूनम कॉटशेजारच्या खुर्चीत बसली होती आणि पट्टा मांडीवर घट्ट धरून होती. मी तो काढून घेतला आणि बनियनवर स्वतःच्याच कमरेला बांधला. एक तर पट्टा तिच्या हातातून गेला असता आणि दुसरं म्हणजे मला तिला प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. पट्टा तिच्या मापाचा. माझं पोट अर्धं वर गेलं, अर्धं खाली.

"बघ, कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताच्या रेट्यानं उठायचं. यात भ्यायचं काय?" असं म्हणत मी कॉटवर आडवा झालो, कुशीवर वळलो आणि तिथंच अडकलो. पट्टा बरगडीत असा रुतला, की तोंडातून "आई गं" बाहेर पडलं.

वाऱ्यासाठी दार उघडं होतं. दारात गोजराआत्या उभी, मागं पिशव्या घेतलेले तिचे यजमान, जोतीराममामा.

"काय दशा झाली रं माज्या लेकराची!" आत्यानं डोळ्याला पदर लावला.

सासरची वडीलधारी माणसं दारात दिसली की पूनम उठून उभी राहते. गेल्या सोळा वर्षांत हे कधी चुकलं नाही. तशी ती आताही उठली. खुर्ची सोडून, भिंत सोडून. आणि पाया पडायला निघाली.

"वाकू नको!" मी ओरडलो.

"तू कशाला वरडतूस? टाकं तुटतील की," आत्यानं मला खांद्याला धरून परत गादीवर दाबलं. "पूनम, पाया ऱ्हाऊ दे पोरी. आदी ह्येला पानी आन."

मी तोंड उघडलं. आत्या, ऑपरेशन माझं नाही, एवढंच सांगायचं होतं. पण पूनमनं एकदा पट्ट्यात आवळलेल्या माझ्याकडं पाहिलं, तिच्या ओठाचा कोपरा हलला आणि ती स्वयंपाकघराकडं निघाली. एक पाऊल. दोन. हात भिंतीकडं गेला नाही. मी बोललो असतो, तर तिला भीती आठवली असती. मी तोंड मिटलं आणि मोजायला लागलो. जाताना अकरा पावलं, येताना अकरा.

"पाठीत लई कळ येते का हो?" पाणी देत तिनं गंभीर चेहऱ्यानं विचारलं.

"येते," मी म्हणालो. काय करणार!

"पोरगी जागरनानं पार गळालीया, कशी हळू चालती बग," आत्या हळहळली. मग तिनं आणलेलं हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं गरम करून ठेवलं आणि पूनमला वाटी आणायला पाठवलं. बावीस आणि बावीस, चव्वेचाळीस. ते माडगं मला लहानपणापासून जात नाही. मी प्यायलो.

"टाकं कुटं हायत, बगू," म्हणत आत्यानं बनियनला हात घातला. मी दोन्ही हातांनी बनियन धरून ठेवलं. "डॉक्टरांनी उघडायचं नाही म्हटलंय!"

तेवढ्यात मामा म्हणाले, "आमच्या खिलाऱ्या बैलाचं बी असंच झालतं."

"मग?" मी विचारलं.

"इकला."

पूनमला हसू आवरेना. ती पदरात तोंड लपवून पान आणायच्या निमित्तानं आत पळाली. पळाली म्हणजे काय, अकरा पावलंच, पण जरा भरभर. सहासष्ट. चौथ्यांदा तर ती कुणी न सांगता उठली. "आत्या, यांना माडगं अजून हवंय. लाजतायत," असं म्हणून काठोकाठ भरलेली वाटी घेऊन आली. थेंब सांडला नाही. अठ्ठ्याऐंशी!

संध्याकाळच्या एसटीनं ती दोघं गेली. पूनमनं माझा पट्टा सोडवला, कॉटच्या कडेला बसली आणि हसता हसता रडायला लागली. "चालले हो मी," एवढंच म्हणत होती. मलाही भरून आलं. माडग्यानं तर आधीच भरलेलो होतो.

चार महिन्यांनी आम्ही करकंबला आत्याच्या नातवाच्या लग्नाला गेलो. पूनमची शाळा सुरू झाली होती, डॉक्टरांनी वाकायलाही परवानगी दिली होती. मला मात्र मांडवात गादीच्या खुर्चीत बसवलं. पाण्याचा तांब्यासुद्धा कुणी उचलू देईना.

आत्यानं चारचौघांत पूनमची ओटी भरली आणि तिला जरीची साडी दिली. "नवऱ्याचं एवडं मोटं दुकनं काडलं पोरीनं, येक सबुद बोलली न्हाय."

पूनम खाली वाकली आणि आत्याच्या पायांना हात लावून सरळ उभी राहिली. माझ्या तोंडून "वाकू नको" निघणार होतं, ते मी गिळलं. डोळे मात्र ओले झाले.

"बग, बायकूची किंमत कळली ह्येला," आत्या म्हणाली आणि तिनं माझ्याही मांडीवर एक पिशवी ठेवली. हुलग्याचं पीठ होतं, चांगलं दोन किलो.