डावीकडचं बदक

मोठ्या नातवाला पहिला दात आला, त्या वर्षीची ही गोष्ट. तो दात दाखवायला लेक-जावई आले आणि नातवाला ठेवून एका दिवसाच्या कामाला पुढे गेले. मागे जावयाची मोटरसायकलही राहिली.

"चालवा खुशाल," जावई जाताना म्हणाला. "फक्त काही उघडू नका, तात्या."

तात्यांनी जन्मभर शिलाई मशिनं दुरुस्त केली होती. काम सुटल्यावर घरातलं घड्याळ, इस्त्री, मिक्सर, सगळं उघडून झालं. गेल्या वर्षी जावयाचा कॅमेरा उघडला, तेव्हापासून जावई कामापुरतंच बोलत होता. तो आता कुठे जरा मोकळा झाला होता, म्हणून तात्यांनी या वेळी हात आवरायचं अगदी ठरवलं होतं.

पण सकाळी क्लचची दांडी लोण्यासारखी मऊ लागली. तात्यांनी गिअर टाकताच गाडी उडी मारून धुण्याच्या बादलीवर गेली.

"वायर सैल झाली असेल," म्हणत ते वाकले. वायर सापडेना. दांडीपाशी एक चौकोनी डबी होती आणि तिच्यातून एक नळी खाली इंजिनात गेली होती.

"अगं, ह्याला वायरच नाही!"

"मग ओढतं कोण?" माई बाहेर आल्या.

"तेच बघायचंय."

"उघडू नका म्हणालाय तो."

"उघडतोय कुठे? झाकण नुसतं बाजूला ठेवतो."

डबीत तेल होतं. ते पुढे कुठे जातं हे पाहायला तात्यांनी दांडी दाबली. तेलाची पिचकारी टाकीवर उडाली, पण त्यांचं लक्ष डबीतल्या बुडबुड्यांकडे होतं.

"हवा! नळीत हवा शिरलीय. तेल दबत नाही, हवा दबते. म्हणून दांडी मऊ!"

ते धावत जाऊन शिलाई मशिनच्या तेलाची बाटली घेऊन आले.

"अहो, झाकणावर काय लिहिलंय ते तरी वाचा," माई म्हणाल्या. "ब्रेकचंच तेल लागतं म्हणे."

तात्या कोपऱ्यावरच्या दुकानातून ते तेल घेऊन आले. मग माई स्टुलावर बसून दांडीवर आणि तात्या जमिनीवर आडवे होऊन खालच्या, हवा सोडायच्या स्क्रूवर. स्क्रूला जोडलेल्या नळीचं टोक बाटलीत बुडवलेलं.

"दाब. धरून ठेव. सोडलीस कशाला?"

"तुम्ही शिंकलात, मी दचकले!"

तासाभराने बुडबुडे थांबले. दांडी टणक झाली. माई उगाचच ती आणखी चार वेळा दाबून आल्या.

मग तात्यांनी टाकी पुसली आणि तळहाताएवढा रंग फडक्याबरोबर निघून आला. ब्रेकचं तेल रंग खातं, असं बाटलीवर लिहिलं होतं. ते माईंनी आत्ता वाचलं.

"झालं! पुन्हा वर्षभराचा अबोला," म्हणत तात्या मटकन खाली बसले.

माईंनी नातवाच्या पाळण्यासाठी आणलेलं पिवळ्या बदकाचं स्टिकर काढलं. "उजवीकडे त्याने गरुड लावलाच आहे. डावीकडे हे लावा."

दोन्ही पक्षी एका उंचीवर यावेत म्हणून तात्या गरुडाचं माप घेऊ लागले. पट्टी लागून त्याचा एक पंख सुटला. खाली रंग नव्हता. तात्यांनी वर पाहिलं. उजव्या हँडलवर ब्रेकची तशीच डबी होती आणि तिच्या स्क्रूंच्या खाचा कुणीतरी कच्च्या हाताने पार झिजवून ठेवल्या होत्या.

"अहो, म्हणजे ह्यानेसुद्धा..."

"हळू बोल," तात्या म्हणाले आणि त्यांनी पंख जपून चिकटवला.

संध्याकाळी लेक-जावई परतले. लेक बाळाकडे धावली आणि जावई गाडीपाशी गेला. बराच वेळ बदकाकडे पाहत राहिला.

"तात्या, काही उघडलंत का?"

"जावईबापू, तुमचा गरुड फार छान आहे," तात्या म्हणाले.

जावई कानापर्यंत लाल झाला. मग त्याने दांडी दाबून पाहिली, पुन्हा दाबली आणि गाडीशेजारी उकिडवा बसला.

"ही टणक कशी केलीत? मला ब्रेकची जमली नव्हती."

"माईला विचारा. दांडी तिच्याकडे होती."

त्यानंतर जावई प्रत्येक सुट्टीत काही ना काही उघडायला घेऊन येऊ लागला. नातू चौथीत असताना, ऑगस्ट महिन्यात, तात्या गेले.