शून्य तिकिटांचं गूढ

‘माझ्या नजरेतून आजवर एकही गुन्हेगार सुटलेला नाही,’ असं भिंग छाती फुगवून सांगायचा. त्यात खोटं काही नव्हतं, कारण त्याच्या नजरेसमोर आजवर एकही गुन्हेगार आलेलाच नव्हता. ‘भिंग’ हे नावही त्याने स्वतःच स्वतःला बहाल केलेलं. गरुडाची नजर, विजेसारखी बुद्धी आणि पुस्तकांची अ‍ॅलर्जी एवढ्या भांडवलावर तो आयटी सेवा व्यवस्थापन शिकायला आला होता.

त्याच्या गटात त्याची मामेबहीण होती. ‘तू सोबत असलीस की सुधारेल गं तो,’ असं म्हणून तिच्या आत्याने, म्हणजे भिंगच्या आईने, गळ घातली आणि पोरगी भिडेला बळी पडली.

प्रात्यक्षिक सोपं होतं. आठवडाभर कॉलेजचा मदतकक्ष चालवायचा, आलेल्या तक्रारी सोडवायच्या. तक्रारीला या विषयात तिकीट म्हणतात. सोमवारपासून एकही तिकीट आलं नव्हतं. शुक्रवारी सर सोडवलेल्या तिकिटांवर गुण देणार होते, आणि नापास झाली तर तिची ठरलेली नोकरी हातची जाणार होती. तिला रात्रीची झोप लागेना. भिंगच्या हाती मात्र केस लागली.

सगळं सुरळीत चाललंय, ही शक्यता त्याने पहिल्याच फटक्यात बाद केली. इतका भोळा तो नव्हता. आधी त्याचा संशय शेजारच्या गटावर गेला, ते म्हणे तिकिटं पळवत होते. मग शिपायावर, कारण तो हसला. मग दुसऱ्या शिपायावर, कारण तो हसला नाही. बाहेर जाऊन लोकांनाच विचारूया का, असं तिने सुचवलं, तेव्हा गुप्तहेर विचारत नाही, ताडतो, असं उत्तर मिळालं.

शुक्रवारी सर आले. त्यांच्या मागून परीक्षा विभागातल्या बाई तणतणत आत शिरल्या. सोमवारी सगळ्यांच्या पासवर्डची मुदत संपली होती आणि अख्ख्या विभागाला लॉगिन करता येत नव्हतं.

‘मग तक्रार नोंदवायची ना,’ भिंग म्हणाला.

‘अरे बाबा, तक्रार नोंदवायला आधी लॉगिन मागतंय. आणि दारावर पाटी, तोंडी तक्रार घेणार नाही.’

पाटी भिंगनेच लावली होती. लॉगिनची अटही त्याचीच, सोमवारी सकाळी, कोणालाही न विचारता घातलेली. निनावी गुन्हेगारांना पायबंद बसावा म्हणून. बदल करण्याआधी मंजुरी घ्यावी हा या विषयाचा पहिला धडा. तो वाचायचं त्याने नंतरसाठी ठेवलं होतं.

बहिणीने अट काढली, बाईंचा पासवर्ड बदलून दिला आणि आठवड्यातलं पहिलं तिकीट नोंदवलं. ‘मूळ कारण’ या रकान्यात तिने लिहिलं, ‘आतेभाऊ’.

सरांनी ते वाचलं आणि तिला पास केलं.

‘आणि मी, सर?’ भिंगने विचारलं. ‘शेवटी मूळ कारण तर मीच आहे.’

‘हो ना,’ सर म्हणाले. ‘मूळ कारण सापडलं की काढून टाकायचं असतं.’