गिरधरलालांची सोन्याची दाढ

ज्या कामात धातू आला, त्या कामात आपल्याला कुणाच्या सल्ल्याची गरज नाही, हे गिरधरलाल पाटडियांचं मत राजकोटच्या अख्ख्या सोनी बाजाराला पाठ होतं. त्यामुळे वरच्या दाढेला खड्डा पडला तेव्हा ते मुळीच घाबरले नाहीत. तीस वर्षं लोकांच्या गळ्याची आणि बोटांची मापं घेतल्यावर अखेर घरचं काम निघालं, म्हणून ते थोडे खूशच झाले.

डॉक्टर ठकरारांनी भरायचे प्रकार नीट समजावले. एक दाताच्याच रंगाचं, भरलंय हे कळतसुद्धा नाही. एक चांदीचं, दिसायला काळपट पण दणकट. शिवाय सोन्याचंही असतं, पण हल्ली कोणी... एवढ्यावर गिरधरलालांचा निर्णय झालेला होता. (सोनं म्हटल्यावर पुढचं वाक्य ऐकत बसतो तो सोनार कसला.)

घरी बायकोनं, मंजुलाबेननी, पांढरं भरायला सांगितलं. रविवारी जामनगरहून वल्लभदास फिचडिया मंडळी येणार होती. त्यांच्या मुलाशी लेकीचं, ऋत्वीचं, लग्न जवळजवळ ठरलं होतं, फक्त गोळधाणा खायचा बाकी होता. गूळ-धण्यांची चिमूट दोन्ही बापांनी चावून खाल्ली की बोलणं पक्कं. अशा वेळी तोंडात कसली नवी भानगड नको, असं मंजुलाबेनचं म्हणणं.

"अगं, तेही आपल्यासारखे सोनीच आहेत, सोनारकाम करणारे," गिरधरलाल म्हणाले. "माझी दाढ बघून त्यांना घराण्याची कल्पना येईल."

"दाढ दिसणार कशी?"

"मी हसेन की."

डॉक्टरांनी आणखी एकदा अडवून पाहिलं. बरोबर खालच्या दाढेत जुनी चांदी भरलेली होती. दोन धातू तोंडात एकमेकांना टेकले की झटका बसतो, काही दिवस त्रास होतो, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"डॉक्टर, माझ्या तिजोरीत सोनं-चांदी तीस वर्षं शेजारी बसलीयत. कधी कुरबुर ऐकली नाही."

"तिजोरीत लाळ नसते, गिरधरभाई."

पण डॉक्टरांच्या आईच्या पाटल्या, बायकोचं मंगळसूत्र, सगळं गिरधरलालांच्याच हातचं. माणूस किती वाद घालणार? त्यांनी खड्ड्याचं माप घेऊन दिलं. शुद्ध सोनं चावायला मऊ पडेल म्हणून गिरधरलालांनी त्यात बेताचं तांबं घातलं, स्वतःच्या मुशीत ओतकाम केलं आणि दोन दिवस तो हरभऱ्याएवढा तुकडा घासूनपुसून असा चमकवला की बाजारातले चार जण बघून गेले. शनिवारी संध्याकाळी तो दाढेत बसला.

गिरधरलालांनी दात मिटले आणि त्यांच्या डोळ्यांपुढे बाजारातले सगळे दिवे एकदम लागले. तरी "फार छान बसलंय," असं म्हणून ते खुर्चीतून उतरले. रात्री त्यांनी खिचडी न चावता गिळली. मंजुलाबेननी कारण विचारलं, तेव्हा लेक सासरी जाणार म्हणून घास उतरत नाही, असं सांगितलं. त्या बिचाऱ्यांचे डोळे पाणावले.

रविवारी मंडळी आली. गिरधरलाल ओठ मिटून आणि दात उघडे ठेवून बसले होते, त्यामुळे हसून दाढ दाखवायचा बेत तर बारगळलाच. चहा झाला, बोलणी झाली. मग वल्लभदास उठले आणि त्यांनी गोळधाण्याची चिमूट स्वतःच्या हाताने गिरधरलालांना भरवली.

धणा करकन फुटला. गिरधरलालांचा डावा डोळा मिटला, मान मागे गेली आणि घशातून एक विचित्र आवाज निघाला. सावरून त्यांनी पुन्हा चावलं, तर या खेपेला उजवा डोळाही मिटला. वल्लभदासांचा हसरा चेहरा उतरला. स्वतःची चिमूट त्यांनी तशीच हातात धरून ठेवली.

"गिरधरभाई, स्थळ मनातून पसंत नसेल तर आत्ताच बोला," ते शांतपणे म्हणाले. "मला राग नाही. पण असं तोंड वाकडं करून खाल्लेला गोळधाणा मी मानणार नाही."

स्वयंपाकघराच्या दारात ऋत्वी उभी होती. तिचं पडलेलं तोंड गिरधरलालांनी पाहिलं. हा मुलगा तिला किती आवडला होता, हे त्यांना ठाऊक होतं. तीस वर्षांचा तोरा त्यांनी एका आवंढ्यासरशी गिळला.

"स्थळ लाखात एक आहे," ते म्हणाले. "माझीच दाढ गाढव आहे. वरती सोनं भरलंय, खाली चांदी आहे. टेकली की झटका बसतो. डॉक्टर नको म्हणाले होते, मी ऐकलं नाही."

वल्लभदासांनी खिशातून भिंग काढलं, होणाऱ्या व्याह्याची हनुवटी धरून तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं आणि बराच वेळ आत पाहिलं.

"काम सुबक आहे. तुमचंच?"

"आँ," गिरधरलाल उघड्या तोंडाने म्हणाले. त्यातही त्यांना थोडा अभिमान वाटलाच.

मग वल्लभदासांनी आपली चिमूट तोंडात टाकली, कडाकडा चावून संपवली आणि जबडा उघडून दाखवला. चार दाढा भरलेल्या होत्या. चारही पांढऱ्या, सांगितल्याशिवाय कळू नयेत अशा.

"सोनं गिऱ्हाइकांसाठी असतं, व्याही," ते म्हणाले.

'व्याही' शब्द ऐकला आणि मंजुलाबेननी डोळ्यांना पदर लावला. ऋत्वी आत पळाली. गिरधरलालांचा जीव भांड्यात पडला, आणि ते आभार मानायला तोंड उघडतात तोच वल्लभदासांनी गोळधाण्याची दुसरी चिमूट, पहिलीपेक्षा चांगली मोठी, त्यात घातली.

"मघाची धरली नाही," ते म्हणाले. "आता हसत चावा."