कुरडयांपुरतं ऊन

पारिजात सोसायटीचं ऊन गेल्या संक्रांतीपासून दुसऱ्या मजल्यावरच्या सुनेत्रा केळुसकरांच्या माशांच्या टाकीतून येऊ लागलं. बाकी साताऱ्यात सूर्य नेहमीसारखाच उगवत होता. समोरच्या बँकेच्या भिंतीवर सकाळी छान कोवळं ऊन असायचं, पण पारिजातच्या गच्चीवर आणि पार्किंगमध्ये टाकीवरचा एलईडी दिवा लागेपर्यंत उजाडत नसे.

सोसायटीचे सेक्रेटरी निकमभाऊ नगरपालिकेत जाऊन आले. तिथल्या माणसानं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की ऊन ही सोसायटीची अंतर्गत बाब आहे, पाणी कमी आलं तर या. मग बैठक झाली. शाळेच्या रिक्षा येण्याआधी उजाडावं म्हणून दिव्याचा टायमर थोडा अलीकडे आणला. पुढे एकदा कुणाचा तरी धक्का लागून दिवा विझला, भर दुपारी काळोख झाला आणि घोरपडे आजी जिन्यात घसरल्या. तेव्हापासून दिवा एकदम बंद करायचा नाही, हळूहळूच उतरवायचा, असा ठराव झाला.

तसं ते ऊन चांगलं होतं. किंचित निळसर, पण कपड्यांना मानवणारं. टाकीत पाणी खेळतं ठेवणारा पंप असल्यामुळे सावल्या जरा हलायच्या, एवढंच. एखादा मासा दिव्याखालून गेला, की म्हशीएवढी सावली पार्किंगमधून सरकत जायची. गाड्या पुसणारे लोक ती जाईपर्यंत थांबायचे.

सुनेत्राबाई मूळच्या वेंगुर्ल्याकडच्या. साताऱ्यात समुद्र नाही म्हणून त्यांनी खाऱ्या पाण्याची टाकी केली होती आणि तिच्यात प्रवाळ वाढवलं होतं. आणलं तेव्हा ते सदऱ्याच्या बटणाएवढं होतं. आता फ्लॉवरच्या गड्ड्याएवढं झालं होतं, आणि त्या त्याला गड्डाच म्हणत. प्रवाळ दिसतं दगडासारखं, पण असतं जिवंत. त्याला ऊन लागतं, तेही बेताचं. कमी पडलं तर ते मलूल होतं, जास्त झालं तर रंग टाकून पांढरं पडतं, आणि पांढरं पडलेलं प्रवाळ सहसा पुन्हा रंग धरत नाही. म्हणून सुनेत्राबाईंनी दिवा निम्म्यावरच ठेवला होता.

चैत्र लागला आणि अडचण आली. समोरच्या दारातल्या इंदुताई शेटे यांच्या कावेरीचं लग्न ठरलं होतं. रुखवतात मांडायला कुरडया हव्यात, आणि त्या घरच्याच हव्यात, यावर इंदुताई ठाम होत्या. त्यांनी गहू भिजवले, चीक काढला, कुरडया घातल्या. दोन दिवस गच्चीवर राहूनही त्या ओल्याच राहिल्या, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना आंबूस वास यायला लागला. सगळा घाणा टाकून द्यावा लागला.

पुन्हा बैठक झाली. दिवा पूर्ण करावा, असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. सुनेत्राबाईंनी गड्ड्याचं सांगितलं. निकमभाऊंना वाईट वाटलं, पण ते म्हणाले, "वहिनी, ऊन सगळ्यांचं आहे. प्रवाळ तुमचं एकटीचं."

 इंदुताई नुसत्या बांगड्या मागेपुढे करत बसल्या. पंधरा वर्षं विरजणाची देवाणघेवाण असलेली बाई गप्प बसली, याचं सुनेत्राबाईंना जास्त लागलं. शेवटी आधी ऊन मोजावं आणि मग काय ते ठरवावं, असं ठरलं.

पुण्याच्या एका माशांच्या दुकानातून प्रकाश मोजायचं मीटर आणलं. लांब कांडी, तिच्या टोकाला पाण्यात बुडणारा बटणाएवढा डोळा, आणि वर आकडा. सुनेत्राबाईंनी टाकीवर दोरे ताणून चौकोन पाडले. पाणी हललं की आकडा नाचतो, म्हणून पंप बंद केला. त्याबरोबर सगळ्या सोसायटीतल्या सावल्या जागच्या जागी थांबल्या, आणि निकमभाऊ चौकशी करून गेले.

सुनेत्राबाई एकेका चौकोनात कांडी धरत होत्या आणि त्यांचे यजमान मधुकरराव आकडा वाचत होते. कोपऱ्यात ऊन मंद, मधोमध कडक, हे अपेक्षितच होतं. तिथंच असलेल्या गड्ड्यापाशी आकडा शंभर आला. तेवढाच हवा होता. पण बघता बघता तो सत्तरवर उतरला. दिव्याला कुणी हात लावला नव्हता.

"मीटर बिघडलं वाटतं," मधुकरराव म्हणाले.

सुनेत्राबाईंना तसं वाटेना. त्या उगाच गच्चीवर गेल्या. तिथं बरोबर मधल्या जागेत तळमजल्याच्या जाधवकाकूंनी मिरच्या पसरल्या होत्या. सुनेत्राबाईंनी काकूंना त्या जरा उचलायला सांगितल्या, आणि खालून मधुकररावांनी ओरडून आकडा शंभर झाल्याचं कळवलं. मिरच्या पुन्हा पसरल्या, पुन्हा सत्तर. काकूंना चार वेळा उचलायला लावल्यावर त्या म्हणाल्या, "अगं, मिरच्या आहेत, मंगळागौर नाही."

पण गोष्ट स्पष्ट झाली होती. गच्चीवर जे वाळत पडेल, ते आपल्यापुरतं ऊन खातं, आणि टाकीत त्याच जागी तेवढं ऊन कमी होतं. म्हणजे दिवा पूर्ण चढवायला हरकत नव्हती. फक्त गच्ची कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ओल्या वाळवणानं भरलेली हवी होती.

निकमभाऊंनी गच्चीवर खडूनं टाकीसारखेच चौकोन आखले आणि घरटी वाटून दिले. कुणी सांडगे घातले, कुणी बटाट्याचा कीस, कुणी गोधड्या धुतल्या. तिसऱ्या मजल्यावरचा गायकवाड सगळं विकतच आणणारा. त्यानं पाकीट फोडून तयार पापड पसरले. ते आधीच वाळलेले असल्यामुळे ऊन खाईनात. निकमभाऊंनी त्याला ते परत ओले करायला लावले. गड्ड्याच्या वरच्या चौकोनात इंदुताईंनी नव्या कुरडया घातल्या.

दिवा हळूहळू पूर्ण चढला. पारिजातवर असं ऊन पडलं की बँकेतले लोक खिडकीशी आले. खाली मधुकरराव गड्ड्यापाशी कांडी धरून बसले होते. आकडा शंभराच्या आसपासच राहिला.

दुपार कलली तशी इंदुताईंनी एक कुरडई उचलून मोडून पाहिली. ती कट्कन मोडली. त्या आनंदानं म्हणाल्या, "झाल्या गं बाई. गोळा करा." एका घरानं वाळवण उचललं की बाकीच्यांनीही उचलायचं, ही सोसायटीची जुनीच सवय. सगळ्या बायका वाकल्या आणि पाहता पाहता गच्ची रिकामी झाली.

जिन्यातून मधुकररावांचा आवाज आला. आकडा दीडशेवर गेला होता आणि चढतच होता. सुनेत्राबाईंनी धावत खाली जाऊन दिवा उतरवायला लावला, पण तो ठरावाप्रमाणे सावकाश उतरणार होता. गड्ड्याच्या कडा आक्रसायला लागल्या होत्या. सुनेत्राबाई पुन्हा वर आल्या. गड्ड्याच्या रिकाम्या चौकोनाकडे त्यांनी नुसतं बोट दाखवलं.

इंदुताईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. हातातला कुरडयांचा डबा गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या आडोशाला ठेवला आणि खडूच्या चौकोनात जाऊन मांडी घालून बसल्या.

"इथंच ना तुझा गड्डा?"

सुनेत्राबाईंनी मान हलवली.

खालून कळलं, एकशेतीस. इंदुताई एकट्या पुरत नव्हत्या. कावेरी येऊन आईला टेकून बसली. नवरी लग्नाआधी काळी पडेल, असं जाधवकाकू म्हणाल्या आणि स्वतःही तिच्याशेजारी बसल्या. मग गायकवाड, मग पॅन्ट वर ओढून निकमभाऊ. शेवटी सुनेत्राबाई उरलेल्या जागेत दाटीवाटीनं बसल्या.

"शंभर," मधुकरराव जिन्यातून म्हणाले. "कुणी हलू नका."

दिवा उतरेपर्यंत सगळे तसेच बसून राहिले. ऊन पाठीवरून सावकाश उतरत होतं. थोड्या वेळानं इंदुताईंनी कमरेला खोचलेला मोडक्या कुरडईचा तुकडा काढून सुनेत्राबाईंना दिला.

"खारट लागते का गं?"

सुनेत्राबाईंनी चावून पाहिली. समुद्राकाठच्या वाऱ्यासारखी चव होती.

"जरा."

"व्याह्यांना सांगू, मीठ जास्त पडलं."

मग माशाची सावली आली, आणि ती गच्चीवरून जाईपर्यंत सगळे थांबले.